सात फुटांवरची नोटीस

खळ करायची तर मैद्याची, मंद आचेवर, हात न थांबवता ढवळत, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकून. मोरचूद विसरलात तर रात्रीतून झुरळं कागदाचा फडशा पाडतात. खळीकाकांना ही रीत नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळली. त्यांनी ती बायकोला शिकवली आणि तेव्हापासून एकोणतीस वर्षं सकाळी चहाच्या शेजारच्या शेगडीवर खळ शिजत आली. पाहुणे आले की हमखास विचारत, "आज नाश्त्याला काय?" आणि काकू म्हणत, "ते नोटिशीचं आहे, तुमचं वेगळं देते."

काकांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी सगळीकडे, म्हणजे नगररचना विभागाच्या तिन्ही मजल्यांवर आणि खालच्या चहाच्या टपरीवर, ते खळीकाका. पद शिपायाचं, काम एकच. शहरात कुठल्याही जागेचा वापर बदलायचा ठरला, शेताचं निवासी करायचं, कारखान्याच्या जागी इमारती उठवायच्या, गल्लीचा रस्ता करायचा, की आधी लोकांना कळवावं लागतं. "कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी," असा कागद त्या जागेवर लावावा लागतो. तो कागद लावायचा, त्याचा फोटो काढायचा आणि फोटो फाइलला जोडायचा. झालं काम. कागदावर काय लिहिलंय हे काका कधी वाचत नसत. सर्व्हे नंबर आणि पत्ता बघायचा आणि पिशवी उचलायची.

शहर वाढतंय म्हणजे काय, हे इंजिनियरला विचारलंत तर तो आकडे तोंडावर फेकेल. काकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, चालायचं अंतर वाढतं. नोकरीला लागले तेव्हा सायकलवर अर्ध्या दिवसात शहर संपायचं. आता दोन बस बदलून उतरलं तरी पुढे पाऊण तास पायपीट. वर गुडघा. डावा गुडघा तीन वर्षांपूर्वी कुरकुरायला लागला आणि आता तर सरळ शिव्या द्यायचा. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. काकांनी मान हलवली. डॉक्टरांना काय, त्यांना कुणी भिंती गाठायला पाठवत नव्हतं.

काकांची एक खास पद्धत होती आणि तिचा विभागात मोठा बोलबाला होता. ते नोटीस सात फुटांवर लावत. पिशवीत खळीचा डबा, ब्रश, कागद आणि एक घडीचं लोखंडी स्टूल. त्यावर चढायचं आणि हात पोचेल तिथं कागद चिकटवायचा. खाली लावलेला कागद टिकत नाही, हा त्यांचा अनुभव. पोरं फाडतात, शेळ्या खळीसाठी चाटतात, कुणीतरी त्यावर फोन नंबर लिहून कोपरा फाडून नेतो. आणि फाटला की पुन्हा जा, पुन्हा लावा, पुन्हा फोटो. सात फुटांवर कागदाच्या वाटेला कोणी जात नाही. वाचायलाही कोणी जात नाही, हे त्याच्याबरोबर आपोआप येत होतं, पण ते काकांच्या कामात मोडत नव्हतं. मागे एका बैठकीत मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की यांची एकही नोटीस आजवर पुन्हा लावावी लागलेली नाही. गुच्छ दिला होता. तो गुच्छ काकूंनी वाळेपर्यंत फ्रिजवर ठेवला.

आता निवृत्तीला सात महिने उरले होते. काकांनी दिवस मोजणं सोडून दिलं होतं. मोजलं की ते हळू जातात.

त्या दिवशी हातात एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याची नोटीस होती. जागा औद्योगिकमधून निवासी व्हायची होती. मोठी जागा, म्हणून नियमाप्रमाणे चार बाजूंना चार कागद. काका दुसऱ्या बसमधून उतरले तेव्हा डांबर मऊ झालं होतं. पहिला कागद फाटकाशेजारी लागला. दुसरा गॅरेजच्या बाजूला. तिसरा नाल्याकडच्या लांबलचक भिंतीवर. चौथी बाजू मागची. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं तर तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "मागं जायला इकडून वाट नाही काका. नाल्याला वळसा घाला. अर्धा तास धरून चला."

काकांनी नाल्याकडे पाहिलं. गुडघ्याकडे पाहिलं. मग स्टूल उचललं, त्याच तिसऱ्या भिंतीवर दहा पावलं पुढे मांडलं, चौथा कागद तिथंच चिकटवला आणि कोन बदलून फोटो काढला. भिंत ती भिंत. फोटोत काय कळतं?

असं त्यांनी पूर्वी कधीच केलं नव्हतं म्हणाल तर ते खोटं होईल. आधी दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा आभाळ कोसळलं नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा हात जरासुद्धा अडखळला नाही. बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि काकांना चक्क डुलकी लागली.

अडीच महिने गेले. एका दुपारी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा काका नऊ वर्षांचे होते आणि ताई सतरा. तिनं शिलाईचं मशीन घेतलं आणि त्या मशीनवर भावाला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्नही करून दिलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "लोकांची मापं घेता घेता माझं राहून गेलं." साठी जवळ आली तेव्हा कुठे तिनं शहराच्या त्या टोकाला एका गल्लीत दीड खोलीचं घर घेतलं. आयुष्यात तिच्या नावावर झालेली एकच गोष्ट. पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती आणि तिच्यासाठीच तिनं ते घर घेतलं होतं, कारण मशीनवर डाव्या हाताकडून उजेड यायला हवा. गणवेश शिवणं, चेन बदलणं, उसवलेलं सांधणं, सगळं त्या खिडकीत चाले.

पहिली काही वर्षं काका दर रविवारी जायचे. मग महिन्यातून एकदा. मग गुडघा आला. गुडघा हे मोठं सोयीचं दुखणं, ते खरंही असतं आणि सांगायलाही बरं पडतं. गेल्या सात महिन्यांत ते एकदाही गेले नव्हते. फोन करायचे.

"धाकट्या," ताई म्हणाली, "अरे, माझ्या खिडकीखाली कुणीतरी लाल फुली मारून गेलंय."

"फुली? कसली?"

"टेप घेऊन तिघं आले होते. म्हणाले, गल्लीचा नऊ मीटरचा रस्ता होणार. समोरच्या भिंतीमागं मोठ्या इमारती येणारेत, त्यांना मागूनही रस्ता लागतो म्हणे. थोडं त्या बाजूचं घेणार, थोडं आमच्या बाजूचं. माझी खिडकी जाते बघ. खिडकी जाते म्हणजे खोलीच जाते, मागं काय, मोरी राहते."

"तुम्ही गल्लीवाल्यांनी हरकत नाही घेतली?"

"कधी घेणार? ते म्हणाले, नोटीस लावली होती, मुदत संपली, गल्लीतून एक माणूस बोलला नाही. अरे, कसली नोटीस? मी दिवसभर त्या भिंतीसमोर बसलेली असते. भिंतीवरून मांजर गेलं तरी मला कळतं. तू त्याच ऑफिसात आहेस ना? बघ जरा."

"समोरच्या भिंतीमागे काय आहे ताई?"

"आता काही नाही. पूर्वी कौलांचा कारखाना होता म्हणतात."

काकांना नाल्याकडची भिंत आणि तिच्यावरचा चौथा कागद आठवला. ताईच्या गल्लीत ते कायम दुसऱ्या बाजूनं, दुसऱ्याच बसनं यायचे. गल्लीत एका बाजूला घरं आणि समोर उंच, बिनपाटीची, वेलींनी झाकलेली भिंत. ती कशाची हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एकोणतीस वर्षं हे शहर त्यांनी भिंती-भिंतींनी पाहिलं होतं, पण कुठल्या भिंतीच्या पाठीला कुठली गल्ली लागते याचा हिशेब त्यांच्या डोक्यात कधी बसलाच नाही.

"बघतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्डमधून फाइल काढून घेतली. नकाशा उलगडला. कारखान्याची मागची बाजू, तिला लागून गल्ली, गल्लीत एका रांगेत तेवीस चौकोन. त्यातला एक चौकोन ताई. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "प्राप्त हरकती: निरंक." आणि त्याखाली चार फोटो.

तिसऱ्या फोटोत भिंतीवरची एक जुनी रंगवलेली जाहिरात उजव्या कडेला अर्धी आली होती: "येथे टायपिंग". चौथ्या फोटोत डाव्या कडेला उरलेली अर्धी: "शिकवले जाईल". दोन फोटो शेजारी ठेवले की वाक्य पुरं होत होतं. अडीच महिन्यांत चार टेबलांवरून फाइल फिरली, चार सह्या झाल्या, पण दोन फोटो शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते. पाहायचं तरी कशाला? खळीकाकांचे फोटो होते ते.

काकांनी फाइल बंद केली, परत दिली आणि आठ दिवस गप्प राहिले. त्या आठ दिवसांत चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते त्यांना कळलं. जिन्यात कुणी "काका" म्हटलं तरी दचकायचे. ताईचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी "फाइल सापडत नाहीये" म्हणून सांगितलं. ताईनं विश्वास ठेवला. तिनं या भावावर अविश्वास कधी दाखवलाच नव्हता, त्याच्या प्रगतिपुस्तकावर सुद्धा नाही.

नवव्या दिवशी सकाळी काकू खळ ढवळत होत्या. काका ओट्याला टेकून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

काकूंचा हात थांबला नाही. खळीत गुठळी झाली तर दिवस फुकट जातो. "सांगितलंत तर?" त्यांनी विचारलं.

"चौकशी लागेल. निवृत्तीचे कागद अडकतील. कदाचित बरीच वर्षं."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर ताईची खिडकी जाईल."

"सांगितलंत तर वाचेल?"

"तेही नाही," काका म्हणाले. "एकोणतीस वर्षांत सुनावण्या मी कितीतरी पाहिल्यात. लोक तळमळून बोलतात, साहेब लिहून घेतात, आणि शेवटी जे व्हायचं तेच होतं. हरकत मानलेली मी दोनदाच पाहिली."

काकूंनी गॅस बंद केला. "मी आपली खळ करते," त्या म्हणाल्या. "नोटीस लावायचं काम तुमचं आहे." आणि डब्याचं झाकण लावून डबा त्यांच्या हातात दिला. त्यांच्याकडून याहून जास्त सल्ला काकांना लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी मिळाला नव्हता, आणि आजवर तेवढाच पुरला होता.

नगररचनाकार मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या असत्या, काकांना मुलगी असती तर. टेबलावर फाइलींच्या दोन चळती, त्यामधल्या फटीतून त्या माणसांशी बोलत. चेहऱ्यावर कायमचा शीण. त्या या खुर्चीवर आल्या तेव्हा त्यांनी स्वतः नकाशे काढायचं ठरवलं होतं असं कुणीतरी सांगे. आता त्या दिवसभर दुसऱ्यांच्या नकाशांवर सही करत.

"मॅडम, त्या कारखान्याच्या फाइलीत चौथी नोटीस मागच्या गल्लीत लागलेली नाही."

"काका, फाइलवर चार फोटो आहेत."

काकांनी तिसरा आणि चौथा फोटो त्यांच्यासमोर शेजारी ठेवला. मॅडमनी वाचलं. येथे टायपिंग शिकवले जाईल. पेनचं टोपण लावलं.

"हे मला दिसलं नसतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटत होतं मॅडम. आठ दिवस वाटत होतं."

"त्या गल्लीत तुमचं कोण राहतं?"

"थोरली बहीण."

"म्हणजे लोक म्हणणार, बहिणीसाठी केलं."

"बहिणीसाठीच केलंय," काका म्हणाले. "ती तिथं नसती तर मी बोललो नसतो. याआधी दोनदा असंच केलं, तेव्हा नाही बोललो. तिथं माझं कुणी नव्हतं." हे बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घेता येईना.

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या डोळ्यांत राग असता तर काकांना सोसला असता. तिथं नुसता कंटाळा होता, आणि त्यात थोडी कीव.

"आज त्या दोनांचं बोलू नका, माझ्यात तेवढं बळ नाही," त्या म्हणाल्या. "या एकाचं लिहून द्या. पुन्हा नोटीस काढते. पुन्हा तीस दिवस, पुन्हा सुनावणी. आणि शेवटी काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

काकांनी लिहून दिलं. चार दिवसांत त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. जन्मभर दुसऱ्यांना नोटिसा लावणाऱ्या माणसाच्या नावाची ही पहिली नोटीस, आणि ती मिळाली टेबलावर, अगदी वाचता येईल अशा उंचीवर. टपरीवाल्यानं त्या दिवशी चहाबरोबर बिस्किट दिलं. विभागात काहीजण म्हणाले, कुंपणानंच शेत खाल्लं. काहीजण म्हणाले, म्हाताऱ्याला शेवटच्या वर्षी सत्याचा पुळका आलाय. दोन्ही म्हणणी काकांना पटली.

नवी नोटीस लावायला तेच गेले. दुसरं कोण जाणार? या वेळी स्टूल घरी ठेवलं.

गल्लीत शिरले तेव्हा खिडकीतून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला. ताई दारात आली, गळ्यात टेप, केसांत दोऱ्याचा तुकडा. पूर्वीपेक्षा लहान झाली होती. काकांनी भिंतीवरची वेल बाजूला केली, खळ लावली, आणि मग क्षणभर विचार करून कागद ताईच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. म्हणजे बराच खाली. ताईनं चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नोटीस वाचली, अगदी खालच्या "ही नोटीस काढणे वा फाडणे दंडनीय आहे" या ओळीसकट. आपली नोटीस कुणी वाचताना काका पहिल्यांदाच बघत होते. त्यांना कुठं उभं राहावं ते कळेना.

"चांगलं झालं," ताई म्हणाली. "म्हणजे फाइल सापडली."

"फाइल हरवलीच नव्हती ताई. पहिली नोटीसही मलाच लावायची होती. इथं, याच भिंतीवर. मी लावली नाही. नाल्याला वळसा घालावा लागतो म्हणून त्या बाजूलाच लावली आणि गेलो."

ताईनं नोटिशीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "याच भिंतीच्या पलीकडे?"

"हो."

तिनं विटांवर तळहात ठेवला, कापडाचा पोत बघावा तसा. काका वाट बघत होते. खिडकीबद्दल बोलेल, खोलीबद्दल बोलेल, ज्या मशीनवर तुला वाढवलं त्याबद्दल तरी बोलेल. बोलावंच असं त्यांना वाटत होतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर जीव हलका झाला असता.

"म्हणजे इथवर आला होतास," ताई म्हणाली.

"हो."

"आणि परत गेलास."

काकांनी खळीच्या डब्याचं झाकण लावलं. अर्ध्या तासाच्या वळशाला काय उत्तर असतं?

"आला असतास तर चहा दिला असता," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

आत काकांनी पाहिलं, मशीनवरच्या उशीत पाच-सहा सुया टोचलेल्या, एकीतही दोरा नाही. "ओवून ठेवतोस का तेवढ्या?" ताई म्हणाली. "शेजारची मुलगी ओवून द्यायची, ती गाव सोडून गेली. मला हल्ली भोकच दिसत नाही. चार दिवस झाले, हातशिलाई सगळी तुंबलीय." काकांनी सुया ओवल्या. फोनवर सात महिने ती "सगळं ठीक आहे" म्हणत होती, आणि तेही तितक्याच उत्साहानं "ठीक आहे" म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. "नोटीस गेली रे."

"गेली म्हणजे?"

"भिंतीवर नाही. शेळीनं खाल्ली असेल. एवढी खाली लावल्यावर काय होणार?"

काका पुन्हा गेले. भिंतीवर वाळलेल्या खळीचे ठिपके आणि कागदाचा एक कोपरा तेवढा उरला होता. पुन्हा लावली, पुन्हा फोटो, पुन्हा चहा, पुन्हा सुया. चार दिवसांनी पुन्हा गेली. "वर लाव की," गल्लीतले म्हणाले, पण काका वर लावेनात आणि ताईही त्यांना लावू देईना. "मला वाचायची असते अधूनमधून," ती म्हणायची. तीस दिवसांत आठ वेळा नोटीस गेली आणि आठ वेळा ते दोन बस बदलून, गुडघ्याला समजावत तिथं पोचले. एकोणतीस वर्षांचं नाव एका महिन्यात धुळीला मिळालं. गल्लीत शेळी मात्र त्यांना एकदाही दिसली नाही.

मधल्या काळात गल्लीनं हरकती लिहिल्या. तेवीस घरांतून एकोणीस. ताईची फक्त दोन ओळींची होती: "माझ्या मशीनला उजेड लागतो. भिंत हलवायची तर समोरची हलवा, ती बाजू रिकामी आहे."

सुनावणी झाली तशीच, जशा सगळ्या होतात. लोक तळमळून बोलले, साहेबांनी लिहून घेतलं. काका दारापाशी उभे होते, त्यांची कायमची जागा. दीड महिन्यानं निर्णय ऐकायला सगळ्यांना बोलावलं. मॅडमनी चळतींमागून वाचून दाखवला. इमारती होणार. कारखान्याची जागा निवासी झाली. मागचा रस्ता मात्र नऊ मीटर नाही, साडेसात, आणि वाढ अर्धी-अर्धी. घरांच्या बाजूनं पायऱ्या आणि ओटे जातील. भिंती राहतील.

म्हणजे ताईची पायरी गेली, खिडकी राहिली. समोर चौदा मजले उभे राहिल्यावर त्या खिडकीत उजेड किती उरेल, हे निर्णयात लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. लोक थकले होते. जेवढं मिळालं तेवढं घेऊन घरी जायची घाई होती. काकांची एक वेतनवाढ थांबवली गेली आणि निवृत्तीच्या कागदांवर "चौकशी प्रलंबित" असा शिक्का बसला. तो निघेपर्यंत थांबायचं. सरकारी काम.

ताई जिन्याजवळच्या बाकावर टेकली. "चष्म्याची डबी कुठं गेली," म्हणत पिशवी उपसू लागली. डबीच्या आधी कागदांची एक घडी बाहेर आली आणि फरशीवर पडली. काकांनी वाकून उचलली. गुडघ्यानं शिवी दिली.

नोटिसा होत्या. आठ. प्रत्येकीची चौपदरी घडी, कडा कात्रीनं कापल्यासारख्या सरळ, पाठीला अजून खळीचा निळसर डाग. भिंतीवर उरायचा तो कोपरा तेवढा प्रत्येकीचा नव्हता.

काकांनी एक घडी उलगडली. खालची ओळ जागच्या जागी होती: ही नोटीस काढणे वा फाडणे दंडनीय आहे. मॅडम फाइल घेऊन जिन्यावरून उतरत होत्या. काकांनी कागद पुन्हा घडी घालून ताईच्या पिशवीत सारले. खरं बोलण्याचा त्यांचा कोटा या वर्षापुरता संपला होता.

"शेळीनं घड्या छान घातल्यात," ते म्हणाले.

ताई ओशाळली नाही. तिनं पिशवीची चेन ओढली, ती तिनंच बसवलेली होती, आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आता नोटीस संपली."

"हो."

"आता यायला निमित्त नाही."

काकांनी गुडघा चोळला. खाली बस थांब्यावर लागत होती, आणि त्यांना पळत ती गाठायची नव्हती. कुठलीच बस आता पळत गाठायची नव्हती.

"परवा येतो," ते म्हणाले. "तुझ्या सुया संपल्या असतील."